खापरं धुण्यातच मोसम गेला!

प्रश्न : मी वडोदऱ्यात पुरातत्त्वात एम.ए. करते. कच्छमधल्या उत्खनन शिबिरात तीन आठवडे मला खापरं धुवायलाच बसवलं, खंदकात जेमतेम दोन दिवस. आजी विचारते, "भांडी घासायला एवढ्या लांब कशाला गेलीस?" काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : आजी माठ घेताना टिचकी मारून बघतात ना? तो कान एका उन्हाळ्यात तयार झालेला नाही. खापराचंही तसंच. खणखणीत वाजलं तर भाजणी पक्की. कडेला लाल आणि मध्ये काळं असेल तर भट्टीत आतपर्यंत हवा-आच पोचली नाही. आतल्या बाजूला बारीक समांतर रेघा म्हणजे चाकावर घडवलेलं. काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा घेर काढता येतो, पोटाच्या तुकड्यावरून सहसा नाही. हे सगळं धुता धुताच बोटांत उतरतं. मात्र आतून काजळी धरलेलं खापर दिसलं की ब्रश खाली ठेव. त्यात शिजलेल्या अन्नाचा अंश असू शकतो. ते न धुताच वेगळं ठेवायचं.

माझ्या पहिल्या मोसमात मी शाईच्या पेनाने लेबलं लिहिली. रात्री दव पडलं आणि सकाळी अकरा पिशव्या मुक्या झाल्या! कुठला खंदक, कितवा थर, काहीच कळेना. सर ओरडले नाहीत. त्या पिशव्या मलाच ढिगावर ओतायला लावल्या. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. तेव्हापासून मी लेबलं फक्त पेन्सिलीनेच लिहिते.

तरीही तीन आठवडे एकाच जागी बसवणं मला पटत नाही. पुढच्या वेळी संकोच न करता सांग, "सर, एक सेक्शन मला रेखाटू द्या." सेक्शन म्हणजे मातीचे थर दाखवणारी खंदकाची उभी भिंत. ती सकाळच्या तिरप्या उन्हात वाचायची, हलका पाण्याचा फवारा मारून. भर दुपारी सगळे थर एकाच मातीचे वाटतात.

आणि तू एकटी नाहीस. १९४०च्या दशकात उत्तर गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांच्या उत्खननात इरावती कर्वे होत्या, मानवी सांगाडे अभ्यासत. तेही चिकाटीचंच काम.

आता खंडेराव मार्केटकडे जाशील तेव्हा एखादा तडकलेला माठ स्वस्तात माग. घरी फोड, तुकडे कालव, आजींना शेजारी बसव आणि काठ कुठला, बूड कुठलं ते दोघी मिळून लावा. बहुतेक त्याच आधी ओळखतील.