कमाटीबागेतली झाडं मोजून नैसर्गिक वितरण कळेल का?

तुम्ही विचारलंय की बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी झाडं जमिनीवर कशी पसरलीत आणि उंचीप्रमाणे त्यांचा पानोरा कसा विभागलाय, हे मोजायचं आहे. बडोद्याची कमाटीबाग (सयाजीबाग) जवळ पडते, तिथेच केलं तर चालेल का?

हात बसवायला चालेल, निष्कर्ष काढायला नाही. तिसऱ्या सयाजीरावांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग आहे. तिथली बहुतेक झाडं कोणीतरी अंतर राखून लावलीत. तुमचं गणित ‘समान अंतर’ असं उत्तर देईल आणि ते माळ्याचं मोजमाप असेल. त्यापेक्षा एखादी पडीक जागा शोधा, जिथे गांडो बावळ (वेडी बाभूळ) आपोआप माजलाय. गुरं-शेळ्या त्याच्या शेंगा खातात, बी शेणातून पडतं, त्यामुळे रोपं पुंजक्यांनी येतात. वितरणाचं कारण तिथे डोळ्यांसमोर असतं.

मी बडोद्यात बरीच वर्षं मुलांना फील्डवर नेतोय. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: चौकट (रोपं मोजायचा जमिनीचा चौकोनी तुकडा, क्वाड्रॅट) केवढी घ्यायची हे आधी ठरवलेलंच नसतं. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन चौकटी आखायच्या. जागा रँडम आकड्यांवरून ठरवायची, ‘इथे छान दिसतंय’ म्हणून नाही. समजा एका जागी पाच चौकटींत २, २, २, २, २ रोपं सापडली आणि दुसऱ्या जागी ०, ०, ०, ०, १०. सरासरी दोन्हीकडे २. व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती फाकलेत याचं माप, इथे n−१ ने भागून) मात्र पहिल्या जागी ०, दुसऱ्या जागी २०. व्हेरियन्सला सरासरीने भागा: १ च्या आसपास आलं तर विखुरणं यादृच्छिक, बरंच जास्त आलं तर पुंजके, बरंच कमी आलं तर समान अंतर. शून्य लिहायला मुलं कंटाळतात, पण ते वगळलंत की पुंजके कागदावरून गायब होतात. आणि पाच चौकटी हे नुसतं उदाहरण झालं. खऱ्या कामाला तीस-चाळीस तरी हव्यात.

आता चौकट १ मीटरऐवजी ८ मीटरची घेतलीत तर त्याच जमिनीचं उत्तर बदलू शकतं, कारण अख्खा पुंजका आणि त्याभोवतीची मोकळी जागा एकाच चौकटीत बसते. म्हणून लागून-लागून छोट्या चौकटी आखा आणि नंतर वहीत दोन-दोन, चार-चार जोडत जा. ज्या आकाराला व्हेरियन्स उसळी घेतो, साधारण तेवढा तुमचा पुंजका. ही पद्धत ग्रेग-स्मिथने १९५२ मध्ये मांडली.

पडताळा म्हणून क्लार्क आणि इव्हान्सचं १९५४ चं सूत्र वापरा. २५०० चौरस मीटरमध्ये १०० झाडं असतील तर घनता ०.०४. तिचं वर्गमूळ ०.२, दुप्पट ०.४, आणि १ भागिले ०.४ म्हणजे २.५ मीटर. झाडं यादृच्छिक असती तर सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं सरासरी अंतर एवढं आलं असतं. टेपने मोजलेलं अंतर १.५ आलं तर गुणोत्तर ०.६; इथे उलट असतं, १ पेक्षा बरंच कमी म्हणजे पुंजके. प्लॉटच्या कडेच्या झाडांचा शेजारी हद्दीबाहेर असू शकतो, तोही मोजा. वड असेल तर पारंब्यांचे खांब वेगळी झाडं धरायची की एकच, ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून टाका.

उंचीसाठी पाच मीटरचा बांबू घ्या, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगाचे पट्टे मारा. प्रत्येक बिंदूवर तो उभा धरून कोणत्या पट्ट्याला पान लागतंय तेवढंच लिहा. शेवटी कुठल्या थरात किती स्पर्श, याचा आलेख काढा. बांबूच्या वरचं झाड मोजायला शेंडा ४५ अंशांत दिसेल इतकं मागे जा. जमीन सपाट असेल तर बुंध्यापासूनचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एवढं झाड. हे थर उगाच मोजत नाहीत: रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या भावांनी १९६१ मध्ये दाखवलं की पक्ष्यांची विविधता झाडांच्या जातींपेक्षा पानोऱ्याच्या थरांशी जास्त जुळते. सकाळचे दोन तास पक्षी कुठल्या थरात बसतात ते टिपलंत, तर प्रोजेक्टला वजन येईल.

विश्वामित्री नदीच्या काठची कोतरं (घळी) या कामाला मोहात पाडतील, पण सुतळी घेऊन तिथे उतरू नका, मगरी आहेत. त्यांचंच वितरण हवं असेल तर थंडीत ऊन चढल्यावर त्या काठावर पहुडतात, तेव्हा पुलावरून दुर्बिणीने मोजा, आणि आधी वन खात्याला कळवा.