नवीन फ्लॅटसाठी स्मार्ट होमचं पॅकेज घ्यावं का? रोजच्या वापरात खरंच फायदा होतो का?

मी ठाण्यात राहतो, आई-बाबा मिरजेच्या जुन्या घरात. गेल्या चार वर्षांत आपोआप किंवा फोनवरून चालणारे दिवे, प्लग, सेन्सर अशी ही उपकरणं दोन्हीकडे बसवली. ठाण्यात त्यांचा उपयोग बेताचाच झाला. मिरजेत मात्र इतका झाला, की तुमच्या घरात वयस्कर माणसं असतील तर खर्च जरूर करा, असं सांगेन. फक्त आख्खं पॅकेज घेऊ नका.

बाबा ७८ वर्षांचे. रात्री दोनदा उठतात. दिव्याचा बोर्ड दाराजवळ, तिथवर अंधारात चाचपडत जायचं. एकदा उंबऱ्याला अडखळून पडले आणि दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये राहिलं. त्यानंतर पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचाल ओळखणारे दोन दिवे लावले, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मंद पिवळ्या उजेडाचे. पाय खाली टेकला की लागतात, मिनिटभराने विझतात. त्यांना वायफाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच होती, आणि एकच ठेवायची म्हटलं तर मी हीच ठेवीन.

दुसरा उपयोग गीझरचा. आई गीझर लावून पूजेला बसते आणि विसरते. आता तो स्मार्ट प्लगवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होणाऱ्या प्लगवर आहे; साडेपाचला चालू होतो, सहाला बंद. इथे एक काळजी घ्या. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग चालेल असं मला दुकानात सांगितलं होतं. तो काही महिन्यांत तापून पिवळा पडला. १६ अँपिअरचाच घ्या. शिवाय लाइट जाऊन आली तर प्लग बंदच राहील, असं सेटिंग करून ठेवा.

गॅस सेन्सरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात चूक झाली तर तो असून नसल्यासारखा. मिरजेत सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली की जमिनीलगत साचतो. बसवणाऱ्याने सेन्सर छताजवळ लावला होता. मी तो काढून फरशीपासून फूटभर उंचीवर घेतला. ठाण्यात पाइप गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका, त्यामुळे तिथे सेन्सर वरच हवा. आणि गळती कळली की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू व्हावा अशी जोडणी कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. स्विचच्या ठिणगीनेच भडका उडू शकतो. भोंगा वाजला, फोनवर सूचना आली, एवढं पुरे. मग रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या.

हॉलमध्ये कॅमेरा लावू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, “घरात वावरताना कुणीतरी बघतंय असंच वाटत राहील रे मला.” म्हणून कॅमेरा फक्त बाहेरच्या दारावर आहे. दार न उघडता कोण आलंय ते तिला दिसतं, दुपारी एकटी असताना तेवढा आधार तिला हवाच होता.

वीजबिल खूप कमी होईल, या आशेवर मात्र खर्च करू नका. प्रत्येक स्मार्ट उपकरण नुसतं जागं राहायलाही वीज खातं. एक वॅट धरला तरी अशी दहा उपकरणं वर्षाला जवळपास ८८ युनिट घेतात. बिल कमी करायचं असेल तर आधी पंखे बदला. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३०च्या आसपास.

तुमच्या फ्लॅटचं काम अजून चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला आत्ताच दोन गोष्टी सांगा. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची (वीज परत नेणारी) वायर आणून ठेवायची, आणि भिंतीतले बॉक्स खोल घ्यायचे. बरेचसे स्मार्ट स्विच न्यूट्रलशिवाय चालत नाहीत, आणि स्विचमागे बसणाऱ्या मॉड्यूलला (स्विच स्मार्ट करणाऱ्या छोट्या डबीला) जागा लागते. आत्ता हे थोडक्या खर्चात होईल. मिरजेत मला त्यासाठी दोन भिंती फोडाव्या लागल्या. राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे लाइट गेली तरी वायफाय चालू राहील. आणि घेतलेला प्रत्येक स्विच नेट बंद असतानाही हाताने दाबून चालतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः करून बघा.