गावचा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला आणि सगळे 'फंड नाही' म्हणतात, तं पैसा येतो कुठून?

तुम्ही विचारलं की उमरेडकडच्या तुमच्या गावाचा अडीच किलोमीटरचा डांबरी रस्ता दोनच पावसाळ्यांत उखडला, सरपंच म्हणतात फंड नाही, ऑफिसात गेलं तं म्हणतात प्रस्ताव पाठवलाय, मग रस्त्याचा सरकारी पैसा येतो तरी कुठून. मी कुही तालुक्यातला, पाच वर्षं ग्रामपंचायत मेंबर होतो, आता पोरांच्या शिक्षणापायी नागपूरला राहतो, पण या रस्त्याच्या कागदामागं मी खूप फिरलोय म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, आधी रस्ता कोणाचा ते काढा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीच्या बांधकाम विभागाचे, अन् गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या, त्यांची नोंद नमुना २३ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या रजिस्टरमध्ये असते. झेडपीच्या रस्त्याला नंबर असतो, ग्रा.मा. अमुक. हा नंबर तुमच्या अर्जात पाहिजेच, कारण रस्ता रजिस्टरवर नसला तं त्याच्यावर खर्च दाखवता येत नाही आणि तुमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते.

आता पैसा. लोकांना वाटते रस्त्याचा एकच फंड आहे, तसं नाही. नवीन काम, रुंदीकरण, पूल हे ५०५४ या लेखाशीर्षात (म्हणजे सरकारी बजेटातलं खर्चाचं खातं), देखभाल-दुरुस्ती ३०५४ मध्ये. गावातले सिमेंट रस्ते बरेचदा २५१५ मधून होतात, ते ग्रामविकास खात्याचं. ऑफिसात सगळे तीस चोपन्न, पन्नास चोपन्न असंच बोलतात, तुम्हीपण तसंच बोला, समोरचा लगेच नीट उत्तर देते. जिल्ह्याचे पैसे जिल्हा नियोजन समितीत ठरतात, पालकमंत्री अध्यक्ष असतात. खरं दुखणं इथंच आहे. नवीन रस्त्याचं भूमिपूजन होते, फोटो येते, म्हणून प्रत्येक जण नवीन काम मागते, आणि खड्डे बुजवायच्या पैशासाठी बैठकीत कोणीच जोर लावत नाही. मला याचा फार राग येते, कारण वेळेवर खड्डा बुजवला असता तं आख्खा रस्ता परत करायचा खर्च वाचला असता.

केंद्राची पीएम ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, मैदानी भागात ५०० च्या वर लोकवस्तीची गावं आणि आदिवासी-डोंगरी भागात २५० च्या वर. आता केंद्र ६० टक्के देते, राज्य ४०. सप्टेंबर २०२४ मध्ये चौथा टप्पा मंजूर झाला, ७०,१२५ कोटी, ६२,५०० किलोमीटर, पण तो अजून रस्त्यानं न जोडलेल्या वस्त्यांसाठी आहे, तुमचं गाव जोडलेलं आहे म्हणून त्याच्या मागं वेळ घालवू नका. राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ ची, त्यात जुन्या रस्त्यांची सुधारणा होते.

आणि तुमच्या कामाची गोष्ट ही. या दोन्ही योजनांत ठेकेदाराला रस्ता बांधल्यावर पाच वर्षं देखभाल करावी लागते, करारातच असते. आमच्या गावच्या फाट्यावर निळा बोर्ड उभा होता, काम पूर्ण झाल्याची तारीख, देखभालीची मुदत सगळं लिहिलेलं, आणि आम्ही दोन वर्षं त्याच्या बाजूनं गाडी हाकलत होतो, एकानंही वाचला नाही. शेवटी एका शाळेतल्या पोरीनं वाचून दाखवला. मग आम्ही बोर्डाचा फोटो, खड्ड्यांचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून कार्यकारी अभियंत्याला अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही म्हणून माहिती अधिकारात देखभालीच्या खर्चाची नोंद मागितली, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लागते, तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. तीस दिवस व्हायच्या आधीच ठेकेदाराची माणसं डांबर घेऊन आली. म्हणून तुम्ही आजच जाऊन तुमचा बोर्ड बघा. दोनच पावसाळे झाले म्हणता, म्हणजे योजनेतला रस्ता असंल तं मुदत अजून बाकी आहे.

तुमच्याकडं आणखी एक वाट आहे. उमरेडला कोळसा खाणी आहेत, आणि २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीच्या (खनिज काढण्यापायी सरकारला द्यायच्या पैशाच्या) हिशोबानं जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्ह्याच्या निधीत, पैसा भरावा लागते. त्यातला मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना ठेवावा लागते, पण उरलेल्यातून रस्ते-पूल करता येतात. तुमचं गाव खाणबाधित गावांच्या यादीत आहे का ते कलेक्टर ऑफिसात विचारा.

फंड आला तरी एक सांभाळा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडते, वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी बाजूला पाणी साचलं की रस्ता बसतेच, त्यात रेतीचे भरलेले टिप्पर. आमच्याकडं शेतवाल्यांनी धुरा (शेताचा बांध) वाढवून बाजूच्या नाल्या बुजवल्या होत्या, बोलून बोलून मोकळ्या करून घेतल्या, एका काकाजींनी तं स्वतःच्या ट्रॅक्टरनं माती उचलली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच तुकड्यावर खड्डा पडला नाही. प्रस्ताव फिरेल तेव्हा फिरेल, नाल्या मे महिन्यातच उघडून घ्या.