आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. असं का होतं?

कारण ऐकणं आणि समजणं ही दोन वेगळी कामं आहेत. वयानुसार आतल्या कानातल्या शंखाकृती नळीतल्या (कॉक्लिया) केसपेशी झिजतात, त्यातही उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी. त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोहोचतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतली आणि क्षीण. मग ‘सात’, ‘हात’, ‘कात’ सगळं सारखंच वाटतं.

उरलेल्या जागा मेंदू संदर्भावरून भरतो. घरात दोघंच बोलत असतील तर ते जमतं, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. गोंगाटातून एकच आवाज वेगळा कसा काढतो, हा प्रश्न ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडला होता. त्यासाठी मेंदूला दोन्ही कानांकडून स्वच्छ माहिती लागते.

म्हणून ओरडून उपयोग नाही, त्याने मुख्यतः स्वरच मोठे होतात (आणि आजोबा चिडतात ते वेगळंच). समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला. ऑडिओमेट्री (कानाने किती ऐकू येतं याची तपासणी) करताना शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्या. श्रवणयंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटेल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात ते कपाटात जाऊ देऊ नका.