वाचकांचे प्रश्न : पिग्मी पॉसमचे दगड आणि बांधकाम परवाना

प्रश्न : ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट बुलरच्या स्की रिसॉर्टमध्ये काही ठिकाणी दगडांच्या राशींना हात लावायचा तरी परवाना लागतो म्हणे. दगडात एवढं काय आहे? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : ते दगड म्हणजेच माउंटन पिग्मी पॉसमचं घर. जेमतेम ४५ ग्रॅम वजनाचा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा हा प्राणी शास्त्रज्ञांना आधी फक्त जीवाश्मांवरून माहीत होता. १९६६ मध्ये माउंट हॉथमवरच्या एका स्की-झोपडीत तो जिवंत सापडला. आज तो फक्त कोशिउस्को, बोगाँग-हॉथम आणि बुलर या तीन डोंगरी भागांत उरला आहे. बुलरची वस्ती तर १९९६ मध्ये लक्षात आली.

मोठमोठे धोंडे एकमेकांवर पडून मध्ये ज्या फटी राहतात, त्यांतच त्याचं सगळं आयुष्य जातं. उन्हाळ्यात बोगाँग पतंग त्याच फटींत आसऱ्याला येतात आणि पॉसमचं मुख्य खाणं होतात. हिवाळ्यात वर बर्फाची जाड दुलई असली की आतलं तापमान शून्याच्या जरा वर टिकतं आणि तो महिनोन्‌महिने झोपू शकतो. स्की उतार सपाट करताना फटींत माती भरली की घर गेलं. यंत्राने बर्फ दाबला तरी त्याची ऊब घटते. थंडी आत शिरली की झोप मोडते आणि प्रत्येक जागेपणी साठवलेली चरबी जळते. धोंडे जागेवर आहेत म्हणजे अधिवास शाबूत आहे, असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं.

प्रश्न : नियोजनाच्या अभ्यासात 'ओव्हरले' शब्द येतो. तो झोनपेक्षा वेगळा कसा? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : जमीन कशासाठी वापरायची हे झोन सांगतो. ओव्हरले त्याच जमिनीवर आणखी एक अट चढवतो. व्हिक्टोरिया राज्याच्या पर्यावरण-महत्त्व ओव्हरलेमध्ये इमारत, खोदकाम-भराव, जमिनीचे तुकडे पाडणं, झाडझाडोरा काढणं या सगळ्याला परवाना लागतो. मात्र ओव्हरलेला जोडलेल्या अनुसूचीत सूट दिली असेल तर नाही. तेव्हा अनुसूची हातात आली की आधी सवलतींची यादी वाचा, संरक्षणाला गळती तिथेच लागते. उदाहरणार्थ, पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर क्षेत्रफळात किरकोळ दिसतो, पण तो पॉसमच्या दगडांच्या राशीच्या मधून गेला तर तिचे दोन तुकडे करतो.

ओव्हरले म्हणजे बंदी नव्हे आणि आधीच उभ्या असलेल्या बांधकामाला तो हटवत नाही. शिवाय पिग्मी पॉसम ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्याखालीही संरक्षित आहे. त्याच्यावर मोठा परिणाम संभवत असेल तर प्रस्ताव त्या केंद्र सरकारकडे वेगळा पाठवावा लागतो. राज्याचा परवाना मिळाला म्हणून ते टळत नाही. आपल्याकडे माथेरानचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये भारताच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरलं. व्हिक्टोरियातला ओव्हरले मात्र थेट राज्याच्या नियोजन योजनेतच बसतो.

प्रश्न : पॉसमच्या राशींमधून जाणारा रस्ता थांबवता येत नसेल तर?

उत्तर : मग पॉसमची ये-जा करायची वाट तुटू देऊ नये. हॉथमवर माद्या वरच्या, चांगल्या राशींत राहतात आणि विणीनंतर नर खाली निघून जातात. रस्ता आणि स्की-बांधकामांनी ही वाट कापली. नर वरच अडकले, खाणं आणि जागा वाटली गेली, आणि हिवाळ्यात जगणाऱ्या माद्यांचं प्रमाण घसरलं. १९८०च्या दशकात तिथे रस्त्याखालून बोगदे काढले आणि आतबाहेर दगड रचून दोन्हीकडच्या राशी जोडल्या. नर त्यातून खाली जाऊ लागले आणि माद्यांचं जगणं सुधारलं. तो रस्ता आजही आहे.

मात्र परवान्यात 'बोगदा बांधावा' एवढंच लिहून भागत नाही. दगड मोठे हवेत, फटी मोकळ्या राहतील असे रचलेले हवेत, आणि वरच्या उतारावरून येणारा गाळ अडवायची सोय काम सुरू व्हायच्या आधी हवी. कारण पहिल्याच जोरदार पावसात सुटी माती फटींत जाऊन बसते आणि ती पुन्हा काढता येत नाही. देखभाल कोणाकडे, किती वर्षं, तेही अटीतच असावं.

प्रश्न : नव्या लॉजच्या अर्जावर हरकत घ्यायची आहे. काय लिहू?

उत्तर : 'निसर्ग वाचवा' एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी मागा : राशींची हद्द दाखवणारा नकाशा (दगड झुडपांखालीही पसरलेले असतात, तेही त्यात हवेत), सांडपाणी आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी कुठे सोडणार याचा आराखडा, आणि बाहेरचे दिवे खाली झुकलेले, झाकलेले असावेत अशी अट. बोगाँग पतंग उजेडाकडे खेचले जातात. २०१७ नंतरच्या दुष्काळी वर्षांत पतंगांची संख्या कोसळली, तेव्हा कित्येक माद्यांच्या पिशवीतली पिल्लं मेली. अर्जाची जाहीर सूचना निघाली असेल तर हरकत लेखी द्या, आणि तुमच्यावर परिणाम काय होतो ते त्यात स्पष्ट लिहा.