आधी बाटली झाका, मग चाखा

प्रश्न : आम्ही दहा जण महिन्यातून एकदा जमून कमी किमतीच्या वाइन चाखून पाहणार आहोत. किती बाटल्या आणाव्यात?

उत्तर : सहा. त्यापुढे जीभ थकते आणि सातव्या वाइनवर अन्याय होतो. एका बाटलीत ७५० मिली असते. प्रत्येकाला ४० मिली दिलीत, तर दहा जणांत ४०० मिली संपते आणि पुन्हा चाखायला ३५० उरते. तरीही सहा वाइन मिळून माणशी २४० मिली होते, म्हणजे बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून थुंकायला प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक भांडं द्या. पहिल्यांदा संकोच वाटतो, तिसऱ्या ग्लासापर्यंत जातो. घरी गाडी चालवत जाणाऱ्याने मात्र त्या दिवशी फक्त वास घ्यावा.

सगळ्या बाटल्यांसाठी किमतीची एकच कमाल मर्यादा ठरवा आणि शक्यतो एकाच द्राक्षाच्या वाइन निवडा. सहा वेगवेगळ्या प्रकारांची तुलना करायला गेलात, तर कोणती चांगली बनवली आहे हे न कळता कोणता प्रकार आवडतो एवढंच कळतं. प्रकार मिसळायचेच असतील, तर क्रम असा : फेसाळ, पांढरी, हलकी लाल, भारी लाल, शेवटी गोड. गोड वाइन आधी घेतली की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते.

प्रश्न : बाटल्या झाकायची खरंच गरज आहे का? आम्ही काही तज्ज्ञ नाही.

उत्तर : तज्ज्ञांनाच ती जास्त आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंग घालून लाल केलेली पांढरी वाइन दिली गेली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. नुसत्या रंगाने एवढं होत असेल, तर लेबल आणि किंमत काय करतील?

झाकताना फक्त लेबलावर कागद गुंडाळून भागत नाही. गळ्यावरचं वेष्टन आणि झाकण काढून टाका, बाटली कागदी पिशवीत घालून गळ्याशी बांधा. एकाने पिशव्या बांधाव्यात आणि दुसऱ्याने, आत काय आहे ते न बघता, त्यांवर आकडे टाकावेत. मग यादी कोणाच्याच डोक्यात राहत नाही. एक खोडी जरूर करा : एकच वाइन दोन वेगळ्या आकड्यांखाली ठेवा. तिला वेगवेगळे क्रमांक मिळाले, तर तुमच्या निकालावर किती भरवसा ठेवायचा ते समजेल.

आणि लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहिला माणूस ‘व्वा, चेरी!’ म्हणाला की उरलेल्या नऊ जणांना चेरीच लागते. गुण देऊ नका, पहिला ते सहावा असे क्रम लावा आणि बेरीज करा. सर्वांत कमी बेरीज ती पहिली.

प्रश्न : फुलं, फळं, मसाले यांतलं मला काहीच ओळखता येत नाही. सगळ्या वाइन आंबट आणि तुरट लागतात.

उत्तर : मग तिथूनच सुरुवात करा, पाया तोच आहे. चार ग्लासांत २००-२०० मिली पाणी घ्या. पहिला साधा. दुसऱ्यात एक चमचा लिंबाचा रस. तिसऱ्यात तेवढाच रस आणि दोन चमचे साखर. चौथ्यात साध्या पाण्याऐवजी दहा मिनिटं मुरवून गार केलेला कोरा चहा. दुसऱ्या ग्लासातल्या घोटाने तोंडात लाळ सुटते, हा आंबटपणा. चहाने हिरड्या कोरड्या पडतात, तो तुरटपणा. चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून तसं होतं. तिसरा ग्लास नीट चाखा : आम्ल दुसऱ्याइतकंच आहे, पण जाणवतं कमी. काही स्वस्त वाइनमध्ये थोडी साखर ठेवून हेच साधलेलं असतं. हा फरक ओळखता आला की फळं आपोआप सापडू लागतात. वासासाठी नाक दाबून एक घोट घ्या आणि तोंडात असतानाच नाक सोडा. त्या क्षणी जे उमलतं, तो सुगंध.

प्रश्न : लाल वाइन घशाला जळजळते. स्वस्त असल्यामुळे का?

उत्तर : बहुतेक वेळा ती नुसती गरम असते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला थंड घरांतला आहे. १६ ते १८ अंश हवेत. त्याहून वर अल्कोहोल नाकात शिरतं. खोली २८ अंशांवर असेल, तर बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. उलट पांढरी अगदी बर्फगार दिलीत, तर वासच मिटतो. ८ ते १२ अंश पुरे. ग्लास एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, नाहीतर फिरवायला जागा राहत नाही. ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाचा वास येत नाही ना, हे रिकामा असतानाच हुंगून बघा. वाइनवर फोडलं जाणारं निम्मं खापर ग्लासाचं असतं.

प्रश्न : एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. प्यावी का?

उत्तर : अपाय नाही, पण मजाही नाही. हा बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगाचा दोष, हवेने जात नाही. बाटली बाजूला काढा. याउलट जळलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास बऱ्याचदा ग्लास जोरात फिरवल्यावर पाच-दहा मिनिटांत उडतो.

प्रश्न : उरलेल्या वाइनचं काय करावं?

उत्तर : ३७५ मिलीची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा. लाल असली तरीही. तीन-चार दिवस ठीक राहते. अर्धी रिकामी मोठी बाटली तशीच बाहेर ठेवलीत, तर दुसऱ्याच दिवशी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागतो.