वर्गणी, वीज आणि थकलेली बिले: व्यापारी-उद्योजक संघटनांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत साधारण ४०० दुकाने आहेत. संघटनेचे सभासद ११०, वर्गणी वर्षाला ५०० रुपये, तीही निम्मे लोक भरत नाहीत. सभासद कसे वाढवायचे?

आधी बाजारपेठेची यादी करा. संघटनांकडे सभासदांची यादी असते, बाजारपेठेची क्वचितच असते. दोघा-दोघांच्या चार जोड्यांनी गल्लीवार फिरून दुकानागणिक एक ओळ लिहावी: दुकानाचे नाव, धंदा, दुकान चालवणाऱ्याचा मोबाइल नंबर, जागा स्वतःची की भाड्याची. आठवडाभरात काम होते. शेवटचा रकाना नीट पाहा. अलीकडे आलेले मोबाइलवाले, बेकरीवाले, तयार कपड्यांवाले बरेचदा भाडेकरू असतात. संघटनेच्या घटनेत (नियमावलीत) सभासदत्वासाठी 'दुकानमालक' असा शब्द असेल, तर त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नसते. तो शब्द बदलण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्या.

दुसरी अडचण थकबाकीची. वसुलीला गेलेला माणूस 'मागच्या तीन वर्षांचे १,५०० झाले' असे म्हणतो आणि समोरचा कायमचा तुटतो. कार्यकारिणीत ठराव करून जुनी थकबाकी सोडून द्या आणि चालू वर्षाची पावती फाडा. त्याच बैठकीत नव्या आणि परत आलेल्या सभासदाला मतदानाचा हक्क बारा महिन्यांनी मिळेल, अशी घटनादुरुस्ती सुचवा. नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर एकेका गटाचे पन्नास-पन्नास सभासद होतात आणि संघटना तिथेच फुटते. वसुली दिवाळी पाडव्यानंतरच्या पंधरवड्यात करा. तेव्हा नवी वही सुरू झालेली असते आणि गल्ल्यात पैसा असतो. छापील क्रमांकाचे पावतीपुस्तक आणि संघटनेच्या खात्याचा क्यूआर कोड सोबत ठेवा. अध्यक्षांच्या खासगी खात्यावर एकही रुपया घेऊ नका.

मात्र माणूस टिकतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या कामामुळे. इलेक्ट्रॉनिक तराजूची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते, साध्या वजनांची दर २४ महिन्यांनी. वैधमापन निरीक्षकांना लेखी विनंती करून बाजारपेठेतच शिबिर घ्या. दोन दिवस आधी प्रत्येक तराजूची कंपनी, क्रमांक आणि मागच्या प्रमाणपत्राची तारीख लिहून घ्या. तराजू दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर हजर नसेल तर निम्मे तराजू शिक्क्याविना परत जातात आणि शिबिर फसते, म्हणून त्याला आधी सांगून ठेवा. किराणावाल्याला दुकान बंद न ठेवता प्रमाणपत्र हातात पडले, की पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना फार बोलावे लागत नाही.

प्रश्न: वर्गणी १,००० च्या वर नेली तर जीएसटी लागतो म्हणतात. खरे का?

अर्धे खरे. व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी काम करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला सभासदामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर सूट आहे. पण त्याआधीचा प्रश्न नोंदणीचा. संघटनेची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. २०० सभासद आणि १,२०० रुपये वर्गणी म्हणजे २ लाख ४० हजार. एवढ्यावर घाबरून वर्गणी अडवून ठेवू नका. महिना १०,००० वर अर्धवेळ कारकून ठेवायचा तरी वर्षाला १ लाख २० हजार लागतात. मात्र उलाढाल मोजताना प्रदर्शनातल्या गाळ्यांचे भाडे, सभागृहाचे भाडे, जाहिराती हे सगळे धरा, सूट असलेली वर्गणीसुद्धा. प्रदर्शनाच्या वर्षी २० लाखांची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

प्रश्न: आमच्या औद्योगिक वसाहतीत वीज सारखी जाते. दोन वर्षांत सहा निवेदने दिली, मंत्र्यांनाही भेटलो. काहीच हलत नाही.

निवेदनात किती मागण्या होत्या? रस्ते, पाणी, पथदिवे, वीज अशा चौदा मागण्यांचा कागद कोणत्याही एका टेबलाचा नसतो, म्हणून तो फिरत राहतो. विजेचा कागद वेगळा करा आणि त्यात आकडे घाला.

प्रत्येक फीडरवरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वीजवाहिनीवरचे, चार-पाच कारखाने निवडा आणि ६० दिवस एकाच नमुन्यात नोंद ठेवा: तारीख, वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, फीडरचे नाव, ग्राहक क्रमांक, थांबलेले यंत्र, वाया गेलेला माल किलोत. दोन मिनिटांचा झटकाही लिहा. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या यंत्रात दोन मिनिटे वीज गेली तरी बॅरलमधला माल बिघडतो, तो काढून टाकून तापमान पुन्हा जुळवावे लागते आणि तेवढा वेळ उत्पादन बंद राहते. 'वारंवार वीज जाते' या वाक्यात हे दिसत नाही, 'अमुक तारखेला २ मिनिटे, ११ किलो भंगार, ५० मिनिटे यंत्र बंद' यात दिसते.

६० दिवसांनी नोंदी तासांप्रमाणे लावा. दुपारच्या ठरावीक वेळी वीज जात असेल तर फीडरवर भार जास्त असल्याची शंका घ्या. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जात असेल तर इन्सुलेटर, सैल जोड आणि फांद्या बघायला सांगा. मग एका पानाचे पत्र आणि एकच मागणी: अमुक फीडरचा भार विभागावा, किंवा अमुक खांबांदरम्यानची देखभाल अमुक तारखेपर्यंत व्हावी. पत्र कार्यकारी अभियंत्यांना, प्रत अधीक्षक अभियंत्यांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

उपकेंद्रातल्या नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागवा. माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, म्हणून अर्ज संघटनेच्या नावे न करता पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावे करावा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत ठेवा, शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. त्यांच्या आणि तुमच्या नोंदी जुळल्या की वाद संपतो. जुळल्या नाहीत तर तीच फारकत पुढच्या बैठकीत मांडा.

ती बैठक म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समिती. विषय जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांकडे लेखी द्या आणि विषयपत्रिकेत येतो की नाही ते पाहा. ऐनवेळी मांडलेल्या विषयावर 'तपासून घेऊ' एवढेच उत्तर मिळते. बैठकीनंतर इतिवृत्त मागून घ्या. पुढच्या वेळी सुरुवात त्यातल्या मुद्द्याच्या क्रमांकाने करा.

तरीही दाद मिळाली नाही तर वीज ग्राहकांसाठीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि तुमची दोन वर्षे निवेदनांतच गेली आहेत. म्हणून जुन्या घटना सोडा, नव्या नोंदींवर तक्रार करा.

प्रश्न: सभासदांचे पैसे मोठ्या कंपन्यांकडे सहा-सहा महिने अडकतात. तक्रार केली तर ऑर्डर जाईल म्हणून कोणी पुढे येत नाही. संघटनेने काय करावे?

ही भीती खरी आहे, तिला हसू नका. एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा), २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ती मुदत करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज.

एकट्याने जाण्याऐवजी संघटनेने त्या कंपनीच्या पाच-सहा पुरवठादारांची थकबाकी एकत्र करावी आणि नावे न घालता एकूण रकमेचे पत्र खरेदी व लेखा या दोन्ही विभागांना पाठवावे. एकाच सभासदाची थकबाकी असेल तर हे करू नका, तो लगेच ओळखला जातो. ४५ दिवसांपुढची देणी कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई-१ या विवरणपत्रात दाखवावी लागतात. मुदत ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिल. पत्र या तारखांच्या महिनाभर आधी पोचू द्या. मार्चमध्येही लिहा, कारण मुदतीबाहेर राहिलेल्या बिलाची वजावट आयकरात पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते.

सभासदांकडून मात्र तीन गोष्टी करून घ्या: पुरवठ्याआधीची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी), प्रत्येक बिलावर छापलेला उद्यम क्रमांक, आणि माल पोचल्याची सही-तारीख असलेले चलन. तिसरी गोष्ट नसल्यामुळे दिवस कधीपासून मोजायचे यावरच प्रकरण अडकते. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण या तरतुदीचा आधार मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

प्रश्न: सगळ्यांनी एकच भाव ठेवावा, असा ठराव संघटनेने केला तर चालेल का?

नाही. भाव ठरवणे, गिऱ्हाइके वाटून घेणे, एखाद्या पुरवठादारावर मिळून बहिष्कार टाकणे हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये येते. दंड संघटनेला होतो आणि पदाधिकाऱ्यांवरही व्यक्तिशः कारवाई होऊ शकते. व्हॉट्सॲप गटातला 'उद्यापासून सगळ्यांनी ५ रुपये वाढवा' हा संदेश पुरावा ठरतो. कच्चा माल का महागला याची सार्वजनिक माहिती सभासदांना द्या, करसवलतीसाठी सरकारकडे एकत्र जा, भाव ज्याचा त्याने ठरवावा.

प्रश्न: नवी कार्यकारिणी निवडून आली, पण बँक सह्या बदलून देत नाही.

संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दिला होता का, ते पाहा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, उपस्थितीच्या सह्या, ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रे जोडा. मागच्या निवडणुकांचे बदल अर्ज राहिले असतील तर तेही उशीर माफीच्या विनंतीसह द्या. बहुतेक वेळा अडते नोटीस पोचल्याच्या पुराव्यापाशी, म्हणून पुढच्या सभेची नोटीस देताना सभासदांच्या सह्यांची वही सोबत घेऊन फिरा.